‘धा’च्या आधीचा हुंकार



चिरंजीव भाच्याने जुन्या बैठकीची कॅसेट संगणकावर उतरवून, तिला इक्वलायझर लावून साफ केलेले ध्वनिमुद्रण आणि त्यासोबतची तक्रार, दोन्ही पोहोचली. तक्रारीचा आशय असा की, विजेची गुणगुण व खालची घरघर गेली हे खरे, परंतु डग्ग्यावर ‘धा’ पडण्याच्या किंचित आधी एक दबका हुंकार ऐकू येतो, दुरुस्त केलेल्या काही तुकड्यांच्या आरंभी ‘टक्’ होते आणि फीत थांबल्यावर, जिथे निखळ शांतता असायला हवी तिथे, काढून टाकलेल्या गुणगुणीचे भूत क्षणभर रेंगाळते. तेव्हा सॉफ्टवेअरच सदोष असावे. सॉफ्टवेअर सदोष नाही. त्याला जे सांगितले गेले ते त्याने तंतोतंत केले आहे, आणि ज्या किमतीवाचून ते काम होऊच शकत नाही ती किंमतही वसूल केली आहे. ती किंमत पडद्यावरच्या आलेखात दिसत नाही, म्हणून नवशिक्या संपादकाला ती दोषासारखी भासते.

इक्वलायझर हा शब्द मूळचा दूरध्वनीच्या तारांवरचा. लांबच्या तारेतून जाताना आवाजातील उच्च स्वर अधिक क्षीण होत. ते पुन्हा उचलून सर्व स्वरांचे बळ सारखे करणारे विद्युतमंडल ते इक्वलायझर. (आज त्या नावाखाली बहुतेक वेळा सारखे असलेले विषम करण्याचेच काम चालते, हा भाग निराळा.) या साधनाचा घटक म्हणजे फिल्टर, आणि फिल्टरला मराठीत गाळणी म्हणताच एक गैरसमज मनात घर करतो. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो आणि चहा जसाच्या तसा खाली उतरतो. संगणकातील फिल्टर मात्र काहीही अडवत नाही. तो ध्वनीच्या मागेपुढे सरकवलेल्या अनेक प्रती निरनिराळ्या प्रमाणात मूळ ध्वनीत मिसळतो आणि ती बेरीज-वजाबाकी अशी जुळवतो की नको असलेल्या वारंवारतेचे, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या ठरावीक संख्येच्या कंपनांचे, तरंग एकमेकांना मारून शून्य होतात. प्रती सरकवल्या म्हणजे ध्वनी काळात पसरला, आणि हा पसारा हीच वर उल्लेखलेली किंमत होय. वारंवारतेच्या दिशेने काप जितका धारदार, तितका काळाच्या दिशेने पसारा लांब. डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने १९४६ साली संदेशवहनावरील आपल्या निबंधात या देवघेवीला गणिती मर्यादा घालून दिली, आणि कितीही महागडे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे साधन, घेतले तरी त्या मर्यादेतून सूट मिळत नाही.

हा पसारा डोळ्यांनी पाहता येतो, आणि तो चिरंजीवाने एकदा तरी पाहावाच. दहा सेकंदांची निखळ शांतता तयार करावी, तिच्या मध्यावर तरंगचित्र इतके मोठे करावे की एकेक नमुना सुटा दिसेल (नमुना म्हणजे ध्वनीच्या पातळीची क्षणिक नोंद, सीडीच्या दर्जात अशा नोंदी सेकंदाला ४४,१०० असतात), मग पेन्सिलीच्या साधनाने एकच नमुना उचलून जवळजवळ माथ्यापर्यंत न्यावा. शांततेच्या मैदानात उभी राहिलेली ही एकुलती काडी म्हणजे जगातील सर्वात आखूड ठोका. आता बैठकीवर वापरलेली तीच इक्वलायझरची मांडणी तिच्यावर चालवावी आणि चित्राची उभी मोजपट्टी डेसिबलमध्ये बदलून पाहावे, कारण साध्या मोजपट्टीत फिल्टरचे शेपूट इतके बारीक असते की ते रेघेतच लपून जाते. काडीच्या उजवीकडे जे थरथरते ते ठोक्यानंतरचे रेंगाळणे. डावीकडे जे थरथरते ते ठोक्याच्या आधीचे. पाठवलेल्या मांडणीत दोन्ही बाजूंना सारखीच झालर दिसेल, आणि ‘धा’च्या आधीचा हुंकार म्हणजे तिची डावी बाजू होय.

ती डावी बाजू येते कुठून हे समजण्यासाठी फिल्टरच्या दोन जाती ओळखाव्या लागतात. पहिली जात ‘मिनिमम फेज’ची, जिच्यात ठोक्याचा सारा पसारा ठोक्यानंतरच पडतो, जुनी विद्युत उपकरणे व बहुसंख्य साधे प्लगइन या जातीचे असतात. फेज, म्हणजे शास्त्रीय मराठीत कला, हे तरंग आपल्या चक्रात कुठल्या टप्प्यावर आहे त्याचे माप. या जातीत काही वारंवारतांचे तरंग इतरांपेक्षा थोडे मागे पडतात, म्हणजे कला बदलते. दुसरी जात ‘लिनिअर फेज’ची, जिच्यात सर्व वारंवारतांना सारखाच विलंब मिळतो व तरंगाचा आकार मोडत नाही, पण त्यासाठी पसारा ठोक्याच्या दोन्ही बाजूंना समसमान वाटावा लागतो. ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हाताने वक्र रेखून चालवायचा इक्वलायझर या दुसऱ्या जातीचा आहे. त्यातील फिल्टरची लांबी ८,१९१ नमुने इतकी असू शकते, म्हणजे ४४,१०० च्या दराने सुमारे ०.१८६ सेकंद, आणि त्यातले निम्मे, सुमारे ९३ मिलिसेकंद, ठोक्याच्या आधी पडू शकतात. उलट लांबी १०१ नमुन्यांपर्यंत कमी केली तर पसारा जवळजवळ नाहीसा होतो खरा, पण वारंवारतेतील भेद सुमारे ४३७ हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) बोथट होतो, आणि अशा हत्याराने ५० हर्ट्झची गुणगुण तासणे म्हणजे विळ्याने नखे कापणे.

इथे एक बाब पाठ्यपुस्तकांत फारशी ठळकपणे येत नाही, आणि प्रत्यक्ष कामात तिचेच महत्त्व सर्वाधिक. फिल्टरचे रेंगाळणे सेकंदांत मोजू नये, चक्रांत मोजावे. ८,००० हर्ट्झच्या तरंगाचे एक चक्र ०.१२५ मिलिसेकंदाचे, तर ८० हर्ट्झच्या तरंगाचे १२.५ मिलिसेकंदांचे, तेव्हा फितीची सूं सूं कमी करण्यासाठी वरच्या पट्टीत उभा काप घेतला तर ठोक्याआधीची सात-आठ चक्रे एका मिलिसेकंदात आटोपतात व येणाऱ्या ठोक्याखाली झाकली जातात, पण तसाच उभा काप ८० हर्ट्झला घेतला तर तेवढीच चक्रे ९० मिलिसेकंदांच्या आसपासचा काळ व्यापतात. मानवी कान मोठ्या आवाजानंतरचा बारीक आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत झाकून टाकतो, मात्र मोठ्या आवाजाच्या आधीचा बारीक आवाज तो फार तर विसेक मिलिसेकंदच झाकू शकतो. निसर्गात कोणतीही वस्तू आघाताच्या आधी नाद देत नाही, त्यामुळे आधी आलेला नाद कानाला लगेच खटकतो. पाठवलेल्या मांडणीत ८० हर्ट्झला जवळजवळ उभी भिंत रेखलेली आहे, डग्ग्याचे बळ नेमके त्याच भागात असते, आणि भिंतीजवळची ऊर्जाच सर्वाधिक झणझणते; मग हुंकार उठला नसता तरच नवल. अशा उभ्या भिंतीभोवतीच्या लाटांना गिब्ज यांचे नाव मिळाले असले तरी हेन्री विल्ब्रॅहम यांनी त्यांचे वर्णन १८४८ सालीच, म्हणजे गिब्ज यांच्या १८९९ च्या पत्रापूर्वी अर्धशतक, करून ठेवले होते.

उपाय सोपा आहे, फक्त त्यासाठी आलेखावरची सुबक भिंत मोडण्याची तयारी हवी. खालची घरघर काढण्यासाठी मिनिमम फेज जातीचा, अष्टकाला १२ डेसिबल इतक्याच उताराचा हाय-पास, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वरचे जाऊ देणारा फिल्टर, ४० हर्ट्झच्या आसपास लावावा. ८० हर्ट्झ ही मर्यादा बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात चालते. बैठकीत ती घातक, कारण गायकाची पट्टी पांढरी दोन (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी) असल्यास तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७३ हर्ट्झला येतो व तो भिंतीच्या पलीकडे गाडला जातो.

ठोक्याआधीचा प्रत्येक आवाज फिल्टरचाच असतो असेही मात्र धरू नये. फीत गुंडाळलेली असताना एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते आणि त्यामुळे पुढे येणाऱ्या आवाजाची पुसट सावली आधीच ऐकू येते. ही सावली ओळखण्याची खूण म्हणजे अंतर: कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, गुंडाळीचा एक वेढा सात ते पंधरा सेंटीमीटरचा असतो, म्हणजे सावली आवाजाच्या सुमारे दीड ते तीन सेकंद आधी येते. फिल्टरचा हुंकार एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत येतो. पहिला दोष मूळ मुद्रणात सापडतो, दुसरा सापडत नाही. म्हणून संशय आला की प्रथम बायपासचे बटण दाबून, इक्वलायझर बाजूला ठेवून, तीच जागा ऐकावी. हे करण्याआधी दोन्ही प्रतींची उंची सारखी करावी लागते, कारण कानाला मोठे तेच चांगले वाटते.

आता गुणगुणीचे भूत. भारतातील वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर बसते, आणि ती काढण्यासाठी नॉच, म्हणजे एका वारंवारतेवर खोल व अरुंद खाच पाडणारा फिल्टर, वापरतात. ऑडॅसिटीतील नॉच उघडताच त्यात ६० हर्ट्झ भरलेले दिसते. तो आकडा अमेरिकेच्या विजेचा असून तो न बदलता चालवणारे संपादक आजही आढळतात. खाचेचा अरुंदपणा ‘क्यू’ या संख्येने मोजतात: मध्यवर्ती वारंवारतेला खाचेच्या रुंदीने भागले की क्यू येतो. ५० हर्ट्झला क्यू ५० ठेवला तर खाच एक हर्ट्झ रुंद, आणि तिचे रेंगाळणे ६० डेसिबलने खाली यायला सुमारे २.२ सेकंद लागतात; क्यू ५ ठेवला तर खाच दहा हर्ट्झची आणि रेंगाळणे ०.२२ सेकंदाचे. अरुंद खाचेचे शेपूट लांब असले तरी बारीक असते, त्यामुळे तबल्याच्या ठोक्याने ते फारसे जागे होत नाही. ते जागे होते ते गुणगुण सुरू वा बंद होण्याच्या क्षणी. नॉच गुणगुण गिळत नाही, तो तिच्या बरोबर उलट गुणगुण निर्माण करून तिला मारतो, आणि ही उलट गुणगुण भरात यायला जितका वेळ लागतो तितकाच विझायलाही लागतो. म्हणून मुद्रणाच्या आरंभी गुणगुण ऐकू येऊन हळूहळू मावळते, आणि फीत थांबली की मूळ गुणगुण नाहीशी होते पण तिची प्रतिगुणगुण एकटीच मागे राहते. चिरंजीवाला ऐकू आलेले भूत ते हेच. संगीताच्या आधीची व नंतरची चार-पाच सेकंदांची रिकामी फीत, तिच्या गुणगुणीसकट, मुद्रणात राहू द्यावी, फिल्टर तिच्यावरून चालवावा आणि दोन्ही टोके त्यानंतर छाटावीत. पाठवलेल्या कामात छाटणी आधी झाली आहे.

क्यू वाढवत नेण्यात आणखी एक फसगत आहे. भारतीय वीजजालाची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखायची असा नियम आहे, म्हणजे ती हलती असते. एक हर्ट्झ रुंदीची खाच ५० ला असताना गुणगुण ४९.९० ला गेली की ती १४ डेसिबलनेच कमी होते. पण वीज निर्दोष असली तरी कॅसेट नसते. मूळ मुद्रणाच्या वेळी फितीवर बसलेली गुणगुण, फीत एक टक्का जास्त वेगाने चालताच, ५०.५ हर्ट्झला सरकते आणि त्या खाचेत तिचे जेमतेम ३ डेसिबल कापले जातात, तर उतरवतानाच्या डेकची गुणगुण ५० वरच ठाम राहते. अशा दोन गुणगुणी एकमेकींत मिसळून त्यांचा संथ हेलकावा ऐकू येतो. म्हणून आकडा गृहीत धरू नये, मोजावा. वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती बळ आहे हे दाखवणारा आलेख, ६५,५३६ नमुन्यांच्या विश्लेषणाने काढला तर दोन बिंदूंमधील अंतर ०.६७ हर्ट्झ येते. १,०२४ नमुन्यांवर ते ४३ हर्ट्झ येते आणि ४९ की ५१ हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

तुकड्यांच्या आरंभीच्या ‘टक्’चे कारण फिल्टरला भरात यायला लागणाऱ्या वेळाशी सख्खे आहे. एखादाच तुकडा निवडून त्यावर फिल्टर चालवला की फिल्टरला मागचे काही आठवत नाही. तो रिकाम्या स्मृतीने सुरुवात करतो, आणि निवडीच्या कडेला प्रक्रिया झालेला व न झालेला तरंग यांच्या पातळीत उडी पडते. ही उडी म्हणजेच टक्. कड शून्यरेषेवर ठेवण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो तो अर्धवट आहे, कारण रेषा जुळली तरी तरंगाचा चढ-उतार जुळत नाही, आणि स्टिरिओत डावा-उजवा दोन्ही एकाच क्षणी शून्यावर येतीलच असे नाही. संपूर्ण ट्रॅकच्या प्रतीवर फिल्टर चालवावा, मग हवा तेवढा तुकडा त्या प्रतीतून घेऊन दोन्ही कडांना ३०-४० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक आवाज मावळत दुसरा उगवत जाईल अशा सांध्याने, मूळ मुद्रणात बसवावा. चालत्या मुद्रणात इक्वलायझरची खुंटी झटक्याने फिरवल्यावर येणारी चरचर याच कुळातली आणि खुंटी सावकाश फिरवल्याने जाणारी.

आवाज फाटण्याबद्दल थोडेच. ६ डेसिबल वाढवणे म्हणजे उंची दुप्पट करणे, १२ म्हणजे चौपट; सोळा बिटांच्या फायलीत माथ्याला लागलेला तरंग तिथेच सपाट छाटला जातो, ३२ बिट फ्लोटमध्ये मात्र तो माथ्यावर गेला तरी शाबूत राहतो व नंतर खाली आणता येतो. काही न वाढवता नुसते कापल्यानेही शिखरे उंचावू शकतात, हे पुष्कळांना पटत नाही. पण मूळ मुद्रणातच सपाट झालेले माथे खालच्या व वरच्या तरंगांनी परस्परांना तोलून धरलेले असतात, आणि त्यातला एक काढला की तोल जाऊन माथा कलतो. तेव्हा फिल्टरपूर्वी सहा डेसिबल खाली यावे.

दोन ट्रॅकांच्या मिसळणीत वेगळाच प्रकार घडतो. मूळ ट्रॅक व त्याचीच इक्वलायझर लावलेली प्रत एकत्र वाजवल्यास आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो, कारण फिल्टरचा विलंब सॉफ्टवेअरने भरून काढलेला नसेल तर एका मिलिसेकंदाच्या फरकानेही ५००, १,५००, २,५०० अशा हर्ट्झांवर खाचा पडत जातात. विलंब बरोबर असूनही मिनिमम फेज फिल्टरने बदललेली कला असाच, पण सौम्य, परिणाम करते. इथे लिनिअर फेज जात खरोखर उपयोगी पडते. हीच अडचण वजाबाकीच्या कसोटीतही लक्षात ठेवावी. ती कसोटी अशी: प्रक्रिया केलेली प्रत उलटी करून मूळ मुद्रणात मिसळली की फिल्टरने नेमके काय बदलले तेवढेच ऐकू येते, त्यात गुणगुणीसोबत तबल्याचे बोल स्पष्ट ऐकू आले तर खाच रुंद पडली आहे किंवा कला सरकली आहे, आणि यातले काय ते वर्णपट पाहून ठरवावे.

चिरंजीवाने सोबत जोडलेली दुसरी फाइल मोबाइलवरून फिरत आलेली एमपी३ आहे व तिच्यातील पाण्याखालच्या कुजबुजीसारखा आवाज इक्वलायझरचा नाही. कमी बिटदराच्या एमपी३ने कानाला ऐकू येणार नाही असे मानून जे टाकले, त्याच्या भोकांना वरची पट्टी उचलताच तोंड फुटते; तिथे कमी उचलणे एवढेच हाती असते.

बैठकीच्या कॅसेटपुरते सांगायचे तर ५० व १०० हर्ट्झच्या खाचा, मोजलेल्या आकड्यावर व क्यू १५ ते २० ठेवून, घ्याव्यात. १५० ची खाच आलापात घेऊ नये. पांढरी दोनचा षड्ज सुमारे १४६.८ हर्ट्झला असतो. १५० वर क्यू १० ची खाच त्या षड्जाला सुमारे ८ डेसिबल खाली ढकलते, आणि जवारी लावलेल्या तंबोऱ्यात तर त्या जागी खर्जाचा दुसरा स्वरांशही येऊन बसलेला असतो, त्यामुळे षड्जच पोकळ होतो. क्यू ५० ला हे नुकसान एका डेसिबलच्या आत राहते, पण मग फितीचा वेग किंचित ढळताच खाच चुकते व षड्जावरून वर सरकणारी मींड त्या खाचेवरून जाताना अडखळते. त्यापेक्षा आलापातील ती गुणगुण राहू द्यावी. तबला सुरू झाल्यावर ती आपोआप झाकली जाते.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचे मूळ मुद्रण, काहीही प्रक्रिया न केलेले व शेवटची रिकामी फीत न छाटलेले, पाठवावे. तिथे गुणगुण ५० च्या किती वर आहे यावरून डेकचा वेग आधी ठरवता येईल.